सावकारांच्या रुमालाखाली तीन वर्षं

आयुष्यात मी एकदाच 'मुख्य' झालो. हुबळीच्या कापूसबाजारातल्या दलालांनी मिळून एक फुटबॉल क्लब चालवला होता, त्याचा मी मुख्य प्रशिक्षक. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. चेंडूत हवा भरणारा मीच, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा मीच आणि संघ हरला की बाजारभर शिव्या खाणाराही मीच. पण नेमणुकीच्या कागदावर 'मुख्य' असं टाइप केलेलं होतं आणि त्या एका शब्दासाठी तो कागद मी कपाटात लग्नाच्या शालूखाली जपून ठेवला होता. शालू बायकोचा. तिला हे बरेच दिवस माहीत नव्हतं.

फुटबॉल शिकवण्याचे दरमहा पैसे घेणारा माणूस त्या काळी आमच्या हुबळी-धारवाडच्या जोडगावात मी एकटाच असेन. त्यामुळे लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघत. खेळाडू म्हणून माझी कीर्ती विचाराल तर लोकांना माझे दोन गोल आठवतात. दोन्ही आपल्याच जाळ्यात मारलेले. स्वतः काय करू नये याचा इतका अनुभव असलेला माणूस शिकवायला बरा, असा हिशेब करूनच बहुतेक क्लबानं मला घेतलं.

करार अकरा महिन्यांचा असे. मोसम संपला की क्लबचे अध्यक्ष मला पेढीवर बोलावत. ते कापसाचे मोठे दलाल, आख्खा बाजार त्यांना 'सावकार' म्हणे, म्हणून मीही म्हणे. ते माझ्या तळहातावर एक धारवाडी पेढा ठेवत आणि म्हणत, "आत री मास्तर, झालं, पुढच्या वर्षीही बघू." झाली मुदतवाढ. पगार तोच. अशी पाच वर्षं मी पाच पेढ्यांवर काढली.

आम्ही तेव्हा धारवाडला केलगेरीत अण्णाकडे राहत होतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, कोर्टात वकील. लग्न केलं नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या बाबतीत त्याला कायम पुढची तारीख मिळत गेली. माझ्या कराराचा विषय निघाला की त्याच्या कपाळाची शीर उठे.

"अरे, अकरा महिन्यांचा करार भाड्याच्या खोलीचा करतात," तो म्हणे. "तू काय खोली आहेस?"

"खोलीला निदान मधूनमधून रंग तरी देतात, अण्णा," बायको आतून म्हणे.

ती हुबळीची. तिचे वडील मूळचे सांगलीकडचे, पण उभं आयुष्य कापूसबाजारात गेलेलं. ती विद्यानगरातल्या एका शाळेत गणित शिकवत होती आणि त्याच वर्षी तिथं कायम झाली होती. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट.

आणि नेमकं त्याच वर्षी मला बिदरकडच्या एका सरकारी शाळेतून पत्र आलं. व्यायामशिक्षकाची जागा, कायम नोकरी, म्हातारपणी पेन्शन. होकार पंधरा दिवसांत कळवायचा. घरात सगळ्यांनी ते पत्र वाचलं. ती नोकरी घ्यायची म्हणजे मी बिदरकडे, बायको विद्यानगरात, आणि संसार एस.टी.च्या टपावर.

शिवाय माझा संघ होता. त्यातले निम्मे जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलणारे, दोन शिंपी, एक पोस्टमन, आणि गोलकीपर तर भर बाजारात गिरमिटाची गाडी लावणारा. चिरमुऱ्यात कांदा-मसाला कालवून कालवून त्याच्या हातांना अशी चपळाई आली होती की चेंडू त्याच्याकडे आपण होऊन जाई. आधी हे लोक चेंडूच्या मागे घोळक्यानं धावत, लग्नाच्या वरातीसारखे. पाच वर्षांत मी त्यांना जागा धरून उभं राहायला शिकवलं होतं. त्या मोसमात आम्ही पहिल्यांदा उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो होतो. अजून तीन वर्षं मिळाली तर हा संघ कोणालाही हरवील, असं मला वाटे. मला म्हणजे मला एकट्यालाच.

अण्णानं निकाल दिला. "तीन वर्षांचा करार आण. सावकारांनी दिला तर बिदरला नाही म्हण. नाही दिला, तर सोमवारी हे पत्र पेटीत पडेल." आणि त्यानं होकाराचं पत्र टाइप करून, माझी सही घेऊन, तिकीट लावून, घड्याळाखाली ठेवूनसुद्धा दिलं.

तेवढ्यावर थांबला तर तो अण्णा कसला. त्यानं सावकारांपुढे ठेवायला कराराचा मसुदाही केला. एकोणीस कलमं. त्यात अतिवृष्टी होती, दंगल होती, 'प्रशिक्षकास वेड लागल्यास' असंही एक कलम होतं. बायकोनं तो सगळा वाचला, नीट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

"कापूसबाजारात कागद चालत नाही, अण्णा. तिथं रुमाल चालतो," ती म्हणाली.

हे मला ऐकून माहीत होतं. त्या बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. दोघं समोरासमोर बसत, हातांवर एक रुमाल टाकत, आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं धरून सौदा करत. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसे. सावकारांच्या तर पेढीवरच्या नोकराचा पगारसुद्धा असाच ठरलेला. माझे पाच पेढे झाले ते मी कधी भाव केलाच नाही म्हणून.

"मग या खेपेला करा," बायको म्हणाली. "हात द्या इकडे."

तिनं चहा गाळायच्या फडक्याशेजारचा टॉवेल ओढला आणि आमच्या हातांवर टाकला. वडिलांजवळ बसून ती हे लहानपणीच शिकली होती. नियम चारच. सौदा कशाचा चाललाय तेवढं आधी मोठ्यानं सांगायचं, मग बोलणं बंद. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन. चेहरा दगडासारखा ठेवायचा. आणि पटलं की सगळा पंजा धरून एक झटका द्यायचा. तो दिला की सौदा बंद, मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

"आणि ठरलेला आकडा कधीही, कोणालाही, तोंडानं सांगायचा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे पाच नियम झाले," अण्णा म्हणाला.

"हा नियम नाही. ही अब्रू आहे."

आम्ही सरावाला बसलो आणि माझं एक गुपित उघडं पडलं. तळहाताला बोट लागलं की मला गुदगुल्या होतात. तिनं माझी तीन बोटं धरली, तिचं नख जरा तळव्याला लागलं आणि मी खिंकाळलो.

"चेहरा!" ती म्हणाली.

"दगडच आहे."

"दगड हसत नाही."

तीन दिवस आम्ही हेच करत होतो. मी ओठ चावले, पाढे म्हटले, माझे दोन्ही गोल आठवून पाहिले. एकदा अण्णानंही हात घातला. पण तो रुमालाखाली बोटं धरून वर "हरकत! हरकत!" असं म्हणायचा, त्यामुळे त्याला बाद केलं.

शनिवारी निघताना बायकोनं बजावलं, "आधी वर्षं. ती पटली की पगार. दोन्ही वेगळं. घाई करायची नाही."

पेढीवर दुपारचा बाजार उठून दलाल मंडळी गाद्यांवर लोळत होती. सावकार तक्क्याला टेकून बसले होते. माणूस प्रशस्त, बसले की गादी त्यांच्या बाजूनं खाली आणि आपल्या बाजूनं वर. पेढ्याचा पुडा समोर उघडाच होता.

"बर्री मास्तर, या. हात करा," ते पेढा उचलत म्हणाले.

मी हात केला, पण त्यावर खिशातला धुतलेला रुमाल टाकला.

लोळणारे उठून बसले. सावकारांनी पेढा परत पुड्यात ठेवला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी शिकवलं?"

"सौदा वर्षांचा," मी मोठ्यानं म्हणालो. आवाज थोडा फाटला, पण सांगितलं.

सावकार हसले. स्वतःच्या खांद्यावरचा मोठा रुमाल काढून त्यांनी माझ्या रुमालावर अंथरला आणि आत हात घातला. त्यांनी माझं एक बोट धरलं. मी त्यांची तीन धरली. त्यांनी पुन्हा एक. मी पुन्हा तीन. माझा चेहरा, देवाशपथ, दगड होता. मग त्या मुरलेल्या माणसानं जुनी युक्ती केली. समोरच्याचं लक्ष उडावं म्हणून बोट धरता धरता अंगठ्यानं माझा तळवा हळूच खाजवला.

मी हसलो. साधं नाही. आधी नाकातून सुरुवात झाली, मग ते पोटात उतरलं, मग माझे खांदे उडायला लागले. मी पाढे म्हणत होतो. मला सतरा सक्कं आठवेना आणि त्याचंही हसू यायला लागलं.

"एनो, हे काय?" मागून कोणी तरी म्हणालं. "सावकारांच्या रुमालाखाली हसतोय!"

"खिशात दुसऱ्याचा भाव असणार," दुसरा म्हणाला. "बेळगाववाल्यांनी बोलावलं असेल."

"नाहीतर गोव्याच्यांनी."

सावकारांच्या कपाळावर घाम दिसला. त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी माझी दोन बोटं धरली. मला बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कसंबसं पुन्हा तीन धरली. रुमाल क्षणभर हलला नाही. आणि मग त्यांनी माझी बोटं धरली. एक, दोन, तीन.

तीन! मला एका क्षणात सगळं दिसलं. घड्याळाखालचं ते पत्र, विद्यानगरची बस, गिरमिटवाल्याचे हात. आनंदाच्या भरात मी सावकारांचा पंजा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. आमच्या घरात कोणीही काहीही दिलं की आम्ही असाच हात हलवतो. वकिलाचं घर, सवय आहे.

"सौदा बंद!" पेढीवरचे सगळे एकदम ओरडले.

सावकारांनी हात काढून घेतला, रुमाल खांद्यावर टाकला आणि पेढा माझ्या तळहातावर ठेवला.

"आणि पगार?" मी विचारलं.

"पंजा हलला की, मास्तर. बंद म्हणजे बंद." ते अगदी मायेनं म्हणाले. "जुना आहे तोच. तीन वर्षं."

धारवाडच्या बसमध्ये मी तो पेढा हातातच धरून बसलो होतो. खाववेना आणि टाकवेना. एकीकडे वाटे, तीन वर्षं मिळाली, उडी मारावी. दुसरीकडे वाटे, मीठ-मिरची महाग होत चालली असताना तीन वर्षं जुन्या पगारावर राहण्याचा सौदा मी स्वतः दोन्ही हातांनी हलवून पक्का केलाय. स्वतःच्या जाळ्यात तिसरा गोल.

घरी सगळं सांगितलं. अण्णा येरझाऱ्या घालू लागला. "दोन्ही हातांनी?" तो मध्ये मध्ये थांबून विचारी. "एकानं भागलं नसतं?" बायकोनं घड्याळाखालचं पत्र काढलं, त्यावरचं तिकीट जपून सोडवलं आणि पत्र चुलीत घातलं. दुसऱ्या कागदावर मी बिदरला नम्रपणे नाही म्हणून लिहिलं आणि तेच तिकीट त्याला लावलं.

"तीन मिळाली ना?" ती म्हणाली. "आता सावकारांना उद्या जेवायला बोलवा. सौदा झाला की तोंड गोड करायची रीत आहे. बाकीचं माझ्यावर सोडा."

रविवारी सावकार आले. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाच्या पोळ्या. ते मन लावून जेवले. तिला 'यव्वा' म्हणत होते, आमच्याकडे मोठी माणसं लेकीसुनेला तसंच म्हणतात. तिचे वडील त्यांच्या पेढीला लागूनच बसत असत, हेही निघालं.

तिसऱ्या पोळीवर तूप वाढताना ती म्हणाली, "काका, एक विचारू? काल सौदा कशाचा झाला?"

"वर्षांचा, यव्वा."

"तसं यांनी मोठ्यानं सांगितलं होतं?"

"सगळ्या पेढीनं ऐकलं."

"आणि पगार हा शब्द पंजा हलायच्या आधी कोणी उच्चारला?"

सावकारांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णाकडे पाहिलं, मग छताकडे. "नाही," ते म्हणाले.

"मग बाजाराच्या नियमानं बंद झाली ती वर्षं. पगाराचा सौदा अजून उघडाच आहे."

अण्णा ताटावरून उठला. खरकट्या हातानं उभाच. "हा मुद्दा," तो म्हणाला, "हा मुद्दा मला का सुचला नाही?"

"बसा, अण्णा. पोळी गार होईल."

सावकारांचं पोट हलायला लागलं. मोठा माणूस हसला की पाटसुद्धा हलतो. "तुझ्या बापानं मला असंच एकदा धरलं होतं," ते म्हणाले. "काय करूया? मास्तरांना पुन्हा बसवूया?"

"यांना नको," ती म्हणाली. "यांना गुदगुल्या होतात."

सावकार थांबले. "म्हणजे काल ते...?"

मी मान खाली घातली. "तुमचा अंगठा लागला, सावकार."

"बेळगाव? गोवा?"

"कोणी नाही. एक बिदरची शाळा होती. ती काल चुलीत गेली."

सावकारांनी स्वतःचा उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून असा पाहिला की जणू चाळीस वर्षांचा भागीदार त्यांना फसवून गेला. मला वाटलं, गेली तीन वर्षं. पण त्यांनी तो अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाले, "झालेला सौदा झाला. आण यव्वा, रुमाल आण."

तिनं हात धुतले, सावकारांनी धुतले, आणि चहाच्या फडक्याशेजारचा तोच टॉवेल दोघांच्या हातांवर पडला. "सौदा पगाराचा," ती मोठ्यानं म्हणाली. मी आणि अण्णा पाटावर बसून त्या टॉवेलकडे बघत होतो. तो इकडे फुगे, तिकडे दबे. सावकारांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. आमच्या हिचा चेहरा मात्र शाळेत फळ्यावर गणित लिहिताना असतो तसा. मध्येच तिनं डाव्या हातानं अण्णाला ताक वाढलं, तेही न सांडता. मग टॉवेलला एक झटका बसला. फक्त एका हाताचा.

"छलो आत," सावकार कपाळ पुसत म्हणाले. "बरं झालं. मास्तर, तुमचा पगार दर महिन्याला पाकिटातून हिच्याकडे येईल. तुमच्या हातात दिला तर तुम्ही मला परत देऊन हात हलवाल."

"पण किती?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी काही तरी अभद्र बोललो.

ती तीन वर्षं मी मोजून जगलो. पहिल्या वर्षी आम्ही उपांत्य सामनाच पुन्हा हरलो, आणि बाजारानं मला ऐकवायचं ते ऐकवलं. पण अध्यक्षांचे हात बांधलेले होते, आणि माझेही. दुसऱ्या वर्षी अंतिम सामना हरलो. तिसऱ्या वर्षी गिरमिटवाल्यानं शेवटच्या मिनिटाला चेंडू असा अडवला की सावकार मैदानाच्या कडेला गादीवरून उठून उभे राहिले. त्यांना कोणाच्या आधाराशिवाय उठताना लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चषक पेढीवर तक्क्याशेजारी ठेवला गेला आणि बरीच वर्षं त्यात सुपारी असे. आमच्या घराला त्याच वर्षी रंग लागला आणि केलगेरीच्या तळ्याकडे तोंड असलेली वरची खोली चढली. कुठल्या पैशांतून ते मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

तीन वर्षं संपली तेव्हा सावकारांचा निरोप आला, मुदतवाढीच्या बोलण्यासाठी या. मास्तर नकोत, बाईंना पाठवा. ती गेली. येताना पुडाभर पेढे घेऊन आली आणि एवढंच म्हणाली, "अजून पाच." पुढच्या सगळ्या मुदतवाढी तिनंच केल्या. व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून मी किती कमावलं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांत मी नव्हतो. आता सावकार नाहीत. एकच उरली.

परवा नातेवाइकांच्या घोळक्यात कोणी तरी विचारलं, तुमच्या काळात कोचला किती मिळायचं हो? मी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली, क्लब राहिला नाही, आता सांगायला काय हरकत आहे, असं मी म्हणालो.

"हरकत नाही की," ती म्हणाली. तिनं खुर्चीच्या पाठीवरचा नॅपकिन उचलला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. "धरा. बोटांनी सांगते."

सगळे पुढे सरकून बसले. मी नॅपकिनखाली हात घालायला गेलो, आणि तिची बोटं अजून लागलीही नव्हती तोच मला हसू फुटलं.